साडेसदतीस आणि चाळीस

नकारातला होकार

भारतातील आरोग्यविम्याच्या पॉलिसीत कोणत्या खर्चाची भरपाई मिळणार नाही याची जी यादी छापलेली असते, तिच्यातील सहावे प्रमाणित कलम लठ्ठपणाचे असून त्याची वाक्यरचना पहिल्या वाचनात चकवा देणारी आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल असे ते कलम कोठेही म्हणत नाही. खाली दिलेल्या सर्व अटी पूर्ण न करणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही, एवढेच ते म्हणते, आणि अटी पूर्ण झाल्या तर काय, याचे उत्तर वाचणाऱ्याने त्या नकाराच्या पोटातून स्वतः काढून घ्यायचे असते. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ मध्ये वगळणुकींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली तेव्हा हे कलम आजच्या रूपात आले; त्यापूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या शब्दांत यादी करी आणि तीत लठ्ठपणा बहुधा सरसकट वगळलेला असे. त्या अर्थाने हे कलम रुग्णांच्या बाजूचे होते हे आधी नोंदवले पाहिजे, कारण पुढील विवेचनात त्याच्या वाट्याला बरीच टीका येणार आहे.

अटी चार आहेत. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी. ती मान्य वैद्यकीय कार्यपद्धतीला धरून असावी. विमाधारकाचे वय किमान १८ वर्षे असावे. आणि त्याचा बीएमआय, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४० किंवा त्याहून अधिक असावा. बीएमआय ४० पेक्षा कमी पण किमान ३५ असेल तर वजन उतरवण्याचे सौम्य उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत आणि चारपैकी एखादी गंभीर सहव्याधी सोबत असली पाहिजे: लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूला जडलेला विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत वारंवार श्वास थांबण्याचा तीव्र विकार, म्हणजेच स्लीप ॲप्निया, किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. पहिल्या तीन अटींवरून सहसा वाद होत नाही. सगळी ओढाताण चौथीभोवती चालते.

उदाहरणादाखल १६० सेंटिमीटर उंचीची स्त्री घेतली तर ४० चा बीएमआय म्हणजे १०२.४ किलो वजन आणि ३५ चा बीएमआय म्हणजे ८९.६ किलो. तिचे वजन ९७ किलो असेल तर तिचा बीएमआय साडेसदतीसच्या किंचित वर जातो. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये जे सहमतीपत्र प्रसिद्ध केले त्यात सहव्याधी नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करण्याची रेषा ३७.५ वर आणि सहव्याधी असताना ३२.५ वर आखलेली आहे. म्हणजे वैद्यकाच्या दृष्टीने ही स्त्री पात्र आहे, आणि विम्याच्या दृष्टीने, त्या चार आजारांपैकी एखादा कागदावर सिद्ध होईपर्यंत, ती पात्र नाही. या उंचीला दोन रेषांमधील अंतर भरते सहा किलो चारशे ग्रॅम. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा भारतातील सगळा व्यवहार या अंतरात अडकलेला दिसतो.

एका आकड्याची वंशावळ

बीएमआयचे सूत्र मुळात वैद्यकातून आलेले नाही. बेल्जियमचे गणिती आणि सांख्यिकीतज्ज्ञ अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात ‘सरासरी माणूस’ शोधताना वजन आणि उंची यांचे हे नाते मांडले, आणि अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये त्याला आजचे नाव दिले. या सूत्राला चरबी आणि स्नायू यांतला भेद कळत नाही, चरबी पोटात साठली आहे की मांड्यांवर हेही कळत नाही. परंतु ते काढायला एक वजनकाटा आणि एक मोजपट्टी पुरते, आणि स्वस्त मोजमापे सहसा मरत नाहीत.

४० आणि ३५ हे आकडे मार्च १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरवलेल्या सहमती परिषदेतून आलेले आहेत. त्या काळी ही शस्त्रक्रिया पोटावर मोठा छेद घेऊन होत असे. गॅस्ट्रिक बायपास दुर्बिणीतून करण्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध झाले ते १९९४ मध्ये. धोका मोठा असल्याने उंबरठाही उंच ठेवणे तेव्हा रास्तच होते. पुढील तीस वर्षांत छेद अर्ध्या-एक सेंटिमीटरचे झाले, रुग्ण त्याच दिवशी चालू लागला, तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागला, आणि अखेर २०२२ मध्ये या शाखेच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्रितपणे जुने निकष मागे टाकले. नव्या भूमिकेनुसार बीएमआय ३५ असेल तर सहव्याधी असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवावी, ३० ते ३५ मध्ये चयापचयाचा आजार असेल तर तिचा विचार करावा, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी रेषा आणखी खाली, २७.५ पर्यंत, आणावी. विम्याचे कलम मात्र १९९१ मध्येच थांबले आहे.

आशियाई लोकांसाठी वेगळी रेषा का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग पुण्यात लिहिला गेला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ जॉन युडकिन यांनी जानेवारी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३, शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. छायाचित्रात दोघेही सडपातळ दिसतात, हे त्या छोट्या लेखाचे मर्म होते. याज्ञिक यांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केलेल्या माता-पोषणाच्या अभ्यासात हीच गोष्ट नवजात बाळांत दिसली: युरोपीय बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण कमी पडलेला भाग मुख्यतः स्नायूंचा आणि अवयवांचा, चरबीचा नव्हे. ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना येथून जगभर गेली. त्याच वर्षी, २००४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्यांसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले. नेहमीच्या रेषांतून अडीच वजा केले की यांतील वरचे तीन आकडे मिळतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की गोऱ्या अमेरिकन शरीराला ज्या वजनावर मधुमेह गाठतो, त्याच्या बऱ्याच आधी तो मराठी शरीराला गाठतो. ज्या शहरातल्या संशोधनाने हे दाखवून दिले, त्याच शहरातील रुग्णाचा दावा मात्र आजही अमेरिकन शरीराच्या मापाने तपासला जातो, ही विसंगती तज्ज्ञांच्या बोलण्यात वारंवार येते, आणि ती तांत्रिक म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

काट्यावर

मुंबई-पुण्यातील बॅरिॲट्रिक विभाग, म्हणजे वजनाच्या शस्त्रक्रियेचा विभाग, त्याच्या फर्निचरवरून ओळखू येतो. खुर्च्या रुंद आणि बिनहाताच्या असतात, वजनकाटा जमिनीला लागून बसवलेला आणि दोनशे-तीनशे किलो पेलणारा असतो, आणि रक्तदाब मोजण्याचा पट्टा नेहमीच्या पट्ट्याहून लांब असतो, कारण दंड मोठा आणि पट्टा छोटा असला तर दाब खोटा वाढलेला दिसतो. वाट पाहणाऱ्यांत पुष्कळदा स्त्रिया अधिक दिसतात, आणि त्यांनी सोबत आणलेल्या पिशवीत एक्स-रे असतो तो बहुधा गुडघ्यांचा.

या शस्त्रक्रियेविषयी लोकांच्या मनात ज्या प्रतिमा आहेत त्या दोन टोकांच्या आहेत. एकीकडे नितीन गडकरी यांच्यासारख्या नेत्याने २०११ मध्ये ती करून घेतल्याची बातमी, आणि दुसरीकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तहून मालवाहू विमानाने मुंबईत आणल्या गेलेल्या, सुमारे ५०० किलो वजन सांगितल्या गेलेल्या महिलेची दूरचित्रवाणीवर दिवसरात्र चाललेली कथा. त्यामुळे ही शस्त्रक्रिया एक तर बड्यांची किंवा अचाट वजनाच्या माणसांची, असा समज पसरला. प्रत्यक्ष रांगेत बसलेला रुग्ण या दोन्ही टोकांपासून दूर असतो: तो नव्वद ते सव्वाशे किलोंचा, नोकरी-धंदा करणारा, मधुमेहाच्या दोन-तीन गोळ्या घेणारा, आणि वजन उतरवण्याचे बरेच उपाय करून थकलेला असतो.

शस्त्रक्रियेच्या प्रकारांत आज सर्वाधिक होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तीत जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून बाहेर काढतात आणि पिशवीसारख्या जठराची केळ्याच्या आकाराची नळी उरते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराचा छोटासा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात, म्हणजे अन्न आतड्याचा सुरुवातीचा पल्ला टाळून पुढे जाते. पोट लहान होते म्हणून माणूस कमी खातो, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. जठराच्या वरच्या भागात भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक तयार होते; तो भागच गेल्याने भूक ओसरते, आणि अन्न आतड्यात लवकर उतरल्याने इन्शुलिनला मदत करणारी संप्रेरके वाढतात. त्यामुळे मधुमेही रुग्णाची साखर पुष्कळदा वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत, खाली येऊ लागते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या एका गाजलेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीएवनसी ६ किंवा त्याखाली आणणारे रुग्ण नुसत्या औषधांवर ५ टक्के, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के होते. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात: औषधांपेक्षा शस्त्रक्रिया बरीच पुढे आहे, आणि तरीही दहांतील सात जणांना ते उद्दिष्ट पाच वर्षांनी गाठलेले नाही. जाहिरातींच्या फलकांवर पहिला अर्धा भागच असतो.

स्टेपलरचे गणित

खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेचे पॅकेज महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत ढोबळमानाने अडीच-तीन लाखांपासून पाच-सहा लाख रुपयांपर्यंत सांगितले जाते. एवढ्या मोठ्या तफावतीचे कारण शल्यचिकित्सकाच्या नावात जितके असते तितकेच एका छोट्या वस्तूत असते, आणि ती वस्तू म्हणजे स्टेपलर.

जठर कापताना ते एकाच वेळी शिवलेही गेले पाहिजे. कचेरीतल्या स्टेपलरचाच हा लांब दांड्याचा भाऊबंद ऊतीच्या दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या ओळी मारतो आणि त्यांच्या मधून पाते फिरवतो. त्यात दर वेळी नवे कार्ट्रिज घालावे लागते. एका कार्ट्रिजने साधारण सहा सेंटिमीटर जठर कापले जाते आणि संपूर्ण स्लीव्हला अशी पाच-सहा कार्ट्रिजे लागतात; खालच्या जाड भागाला उंच टाचण्यांची, वर पातळ होत जाणाऱ्या भागाला बुटक्या टाचण्यांची, म्हणून त्यांना हिरवा, सोनेरी, निळा असे रंग दिलेले असतात. प्रत्येकाची किंमत काही हजार रुपये असते, कार्ट्रिज अर्थातच पुन्हा वापरता येत नाही, आणि स्टेपलरचा दांडाही एकाच रुग्णासाठी असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका कार्ट्रिजचे वेष्टन फोडण्याआधी रंग मोठ्याने उच्चारते आणि शल्यचिकित्सकाने दुजोरा दिल्यावरच फोडते, यामागे सुरक्षितता आहेच, शिवाय चुकून फोडलेले वेष्टन बिलात कोणाच्या नावावर टाकायचे हा प्रश्नही आहे.

येथे काटकसर कोठे करता येते आणि कोठे नाही, हे रुग्णाला क्वचितच समजावून सांगितले जाते. टाचण्यांच्या ओळीतून गळती होणे हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत भीतिदायक उपद्रव. अनुभवी हातांत तो शंभरात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो, पण ज्याला होतो त्याचा रुग्णालयातील मुक्काम तीन दिवसांवरून कित्येक आठवड्यांवर जाऊ शकतो आणि पॅकेज या शब्दाला अर्थ उरत नाही. पॅकेजमध्ये गुंतागुंतीचा खर्च धरलेला आहे की नाही, हा रुग्णाने पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न आहे. खोलीचा वर्ग बदलला की भूलतज्ज्ञापासून थिएटरच्या भाड्यापर्यंत बहुतेक आकडे बदलतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटीही लागतो.

खोलीच्या या निवडीचा विम्याशी नाजूक संबंध आहे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि रुग्णाने तिच्यापलीकडची खोली घेतली, तर कंपनी फक्त भाड्यातील फरक कापून थांबत नाही. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, थिएटर यांच्या खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लावते. औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, शरीरात बसवायची साधने आणि तपासण्या यांना मात्र ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, असा नियामकाचा दंडक आहे, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेत बिलाचा मोठा भाग नेमका अशा वस्तूंचा असल्याने तो दंडक माहीत असलेल्या रुग्णाचे बरेच पैसे वाचतात. रोबोच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रिया कंपन्यांना सरसकट नाकारता येत नाहीत, पण त्यांना उपमर्यादा घालता येते. तेव्हा रोबोसाठी वाढलेले पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत पाहावे लागते.

‘क्वेरी आली आहे’

रुग्णालयाच्या तळमजल्यावर इन्शुरन्स डेस्क असतो आणि तेथे सर्वाधिक ऐकू येणारे वाक्य ‘क्वेरी आली आहे’ हे असते. नियोजित शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय आधी कंपनीकडे, किंवा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीए या मध्यस्थ संस्थेकडे, पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवते. डेस्कच्या बोलीत त्याला प्री-ऑथ म्हणतात. मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय अपेक्षित आहे. पण क्वेरी आली, म्हणजे अधिक कागद मागितले गेले, की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून चालू होते असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेत क्वेरी येणे हा अपवाद नसून जवळपास रिवाज आहे.

ज्यांचा बीएमआय ३५ ते ४० मध्ये आहे त्यांच्याबाबत पहिला प्रश्न ‘सौम्य उपाय फसल्याचा’ पुरावा कोठे आहे, हा असतो. महाराष्ट्रातला मध्यमवर्गीय माणूस वजन उतरवण्यासाठी काय काय करतो हे पाहिले तर या प्रश्नातील अडचण लक्षात येते. त्याने पहाटे टेकडी चढलेली असते, शेजाऱ्याने सांगितलेला काढा घेतलेला असतो, दिवसातून दोनदाच जेवण्याचा प्रयोग सहा महिने केलेला असतो, जिमची वार्षिक फी भरून दीड महिना हजेरी लावलेली असते. आणि यांतील एकाचीही डॉक्टरांच्या सहीची नोंद त्याच्याकडे नसते. जाणते शल्यचिकित्सक म्हणून पहिल्याच भेटीपासून आहारतज्ज्ञाच्या तारीखवार नोंदी सुरू करतात, आणि रुग्णाला वाटते की उगाच तीन महिने ताटकळत ठेवले आहे.

दुसरा प्रश्न सहव्याधींचा. कलमात मधुमेह ‘आटोक्यात नसलेला’ हवा. किती एचबीएवनसीला आटोक्याबाहेर म्हणायचे हे त्यात लिहिलेले नाही. स्लीप ॲप्निया ‘तीव्र’ हवा. रात्रभर झोपेचा आलेख काढून तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडखळला तर वैद्यक त्याला तीव्र म्हणते, आणि अठ्ठावीस भरले तर रुग्ण आजारी असूनही अपात्र. उच्च रक्तदाब, यकृतात साठलेली चरबी, पीसीओएस हा बीजांडकोशांचा विकार, वंध्यत्व आणि झिजलेले गुडघे यांपैकी काहीही या चार नावांत नाही. प्रतीक्षाकक्षातील पिशव्यांतले ते गुडघ्यांचे एक्स-रे बीएमआय ४० च्या खाली असेल तर विम्याच्या लेखी निरुपयोगी असतात.

तिसरी गोष्ट वजन कोणत्या दिवशीचे धरायचे, ही. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे रुग्णाला अत्यल्प उष्मांकाचा द्रव आहार देतात, जेणेकरून चरबीने फुगलेले यकृत आकसावे आणि दुर्बिणीला जठरापर्यंत वाट मिळावी. या आहाराने चार-पाच किलो सहज उतरतात. पहिल्या भेटीत १०४ किलो भरलेली, १६० सेंटिमीटर उंचीची रुग्ण दाखल होते तेव्हा काटा शंभराखाली आलेला असतो आणि तिचा बीएमआय ४० वरून घसरून ३९ च्या आत येतो. कलमात तारखेचा उल्लेखच नाही. त्यामुळे पहिल्या भेटीचे वजन, उंचीच्या मोजमापासह, सहीशिक्क्यानिशी नोंदवून प्री-ऑथसोबत जोडणे हा डेस्कवरच्या माणसांनी अनुभवातून बसवलेला नियम आहे.

याशिवाय प्रतीक्षाकाळ असतोच. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या आजारांसाठी तो पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शकत होता. २०२४ पासून कमाल तीन वर्षे झाला आहे. काही पॉलिसींत वजनाच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र प्रतीक्षाकाळ आणि स्वतंत्र रक्कममर्यादा असते, त्यामुळे दहा लाखांची पॉलिसी असूनही या एका उपचारापुरती ती बरीच लहान असू शकते. प्रस्ताव भरताना उंची-वजन अचूक लिहिणे महत्त्वाचे. एजंटाने प्रेमाने कमी करून लिहिलेले दहा किलो पुढे ‘माहिती दडवली’ या शीर्षकाखाली परत येतात. सलग पाच वर्षे हप्ते भरल्यानंतर मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अन्य कारणाने कंपनीला जुने प्रस्तावपत्र उकरता येत नाही. ज्यांना नोकरीतून सामूहिक विमा मिळतो त्यांची स्थिती बरी असते, कारण तेथे प्रतीक्षाकाळ पुष्कळदा माफ असतो. म्हणूनच शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना आयटीतील मंडळी डॉक्टरांच्या सवडीइतकाच राजीनाम्याच्या तारखेचाही विचार करतात.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत.

ज्यांच्याकडे पॉलिसी नाही

सरकारी योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालतात आणि यादीत जीव वाचवणाऱ्या उपचारांचा मान पहिला असतो, त्यामुळे वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या गरीब रुग्णाला बहुधा दुसरी वाट शोधावी लागते. महाराष्ट्रात ती वाट धर्मादाय रुग्णालयांतून जाते. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्या गटाला १ लाख ८० हजार आणि दुसऱ्याला ३ लाख ६० हजार रुपये अशी ठरलेली आहे. या रुग्णांसाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते.

कागदावरची ही व्यवस्था प्रत्यक्षात पुन्हा त्या स्टेपलरपाशी येऊन अडखळते. खाट, शुश्रूषा, डॉक्टरांचे मानधन यांत रुग्णालय सूट देऊ शकते, कारण तो त्याच्या घरचा खर्च आहे. कार्ट्रिजे बाहेरून विकत घ्यावी लागतात. ती खरेदीच्या किमतीला लावायची आणि निर्धन रुग्णाच्या बाबतीत निधीतून वळती करायची, दुर्बल घटकातील रुग्णाने मात्र औषधे व वस्तूंच्या बिलाचा किमान निम्मा भाग भरायचा, अशी योजना आहे. महापालिकेच्या किंवा सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयात तर शल्यचिकित्सक आणि थिएटर दोन्ही हाताशी असून कार्ट्रिजांच्या पैशांची जुळवाजुळव ट्रस्टांच्या चिठ्ठ्यांवर होते. या जुळवाजुळवीत समाजसेवा अधीक्षकाच्या, म्हणजे वॉर्डावॉर्डांत फिरून मदतीचे अर्ज लिहून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, चिकाटीला जेवढे महत्त्व आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. कर्करोगाच्या रुग्णासाठी ट्रस्टची चिठ्ठी मिळवणे सोपे जाते. ‘खाऊन खाऊन जाड झाला’ अशी देणाऱ्याचीही मनोमन समजूत असलेल्या रुग्णासाठी ती मिळवणे अवघड जाते.

फराळाच्या ताटापुढे

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस नितळ द्रव, नंतर ताक, गाळलेले वरणाचे पाणी, मग घोटलेला भात आणि मऊ खिमट, असा लहान बाळाच्या उष्टावणासारखा क्रम पुन्हा सुरू होतो. जेवताना पाणी प्यायचे नाही, आधी व नंतर अर्धा तास थांबायचे, घास चटणीसारखा होईपर्यंत चावायचा. बायपास झालेल्या माणसाने दिवाळीत आग्रहाला बळी पडून बेसनाचे दोन लाडू खाल्ले तर साखर एकदम आतड्यात उतरून छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा आणि गळाठा येऊ शकतो. याला डंपिंग म्हणतात. पाहुणचारात ‘पुरे’ या शब्दाला होकार समजणाऱ्या समाजात या रुग्णाला आपली शस्त्रक्रिया लपवावी की सांगावी, हा प्रश्न पडतो, आणि पुष्कळ जण पित्ताचे निमित्त सांगून वेळ मारून नेतात.

लोह, कॅल्शियम, ड आणि ब१२ जीवनसत्त्वे यांची सोबत मात्र जन्माची असते. मांसाहार न करणाऱ्यांत ब१२ मुळातच कमी असते, त्यात जठराचा मोठा भाग गेल्याने ते शोषले जाणे आणखी घटते. हातापायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत गोळ्या बंद ठेवलेले रुग्ण डॉक्टरांना नियमाने भेटतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत, आणि चिमुकल्या जठरात तेवढी डाळ-उसळ मावत नसल्याने प्रथिनांच्या भुकटीचा डबा घरात येतो. पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरचा साठ किंवा नव्वद दिवसांचा खर्च धरलेला असला तरी हा डबा बहुधा अन्नात मोजला जातो, औषधात नाही.

वर्ष-दीड वर्षात चाळीसेक किलो उतरले की दंड, पोट आणि मांड्यांवरची कातडी लोंबू लागते, घड्यांमध्ये घाम साचून पुरळ उठते, आणि ती काढण्याची शस्त्रक्रिया पुन्हा दीड-दोन लाखांच्या घरात जाते. डेस्कवर तिच्यासाठी फाइल पुढे केली की उत्तर सहाव्या कलमातून येत नाही. सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियांची वगळणूक आठव्या कलमात आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ठरलेल्या शस्त्रक्रियेला तीत सवलत आहे, आणि पुरळ किती चिघळले म्हणजे ते आवश्यक ठरते, यावर नवी क्वेरी येते.